खड्याच्या मापाने : साध्या कोंदणांच्या अवजारांविषयी

उन्हाळ्यात गोदावरी-भीमेच्या खोऱ्यातल्या नद्या आटल्या, की पात्रातल्या काळ्या गोट्यांमध्ये मधूनच एखादा दुधी, राखाडी किंवा मधाच्या रंगाचा गोटा नजरेला पडतो. पाण्यात बुडवला की त्याच्या अंगातले पट्टे उमटतात. हा अकीक, किंवा त्याच्याच कुळातला कॅल्सेडोनी, जास्पर असा कोणी. दख्खनच्या पठारावर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले. थंड होताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्याने सिलिका साचवली. भोवतालचा कातळ झिजून माती झाला, पोकळीतली सिलिका टिकली. या पोकळ्यांतली सर्वांत देखणी खनिजे सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात पाहायला मिळतात. बाकीच्यांच्या वाट्याला नदीतला गोटा येतो, आणि तो घासून, झिलई देऊन डबीत जपून ठेवणारी मंडळी आपल्याकडे कमी नाहीत.

डबी भरत जाते आणि एक दिवस प्रश्न पडतो : हे घालायचे कसे? भोक पाडून माळेत ओवावा, तर सगळ्यांत सुंदर पट्टा नेमका भोकाखाली जातो. गोंदाने पदकावर चिकटवावा, तर घामाने आणि उन्हाने गोंद सुटतो आणि खडा कुठल्या तरी एसटीच्या बाकाखाली राहतो. उरतो मार्ग कोंदणाचा. धातूची पातळ कड खड्याभोवती उभी करायची आणि तिचा काठ खड्यावर कलता करायचा, एवढीच त्यातली युक्ती. हे पुस्तक त्या युक्तीचे आहे आणि ज्यांच्या घरात कधी ऐरण नव्हती, त्यांच्यासाठी आहे.

मुंबईत झवेरी बाजाराच्या आसपास सोनारी अवजारांची दुकाने आहेत. तिथे पहिल्यांदा पाऊल टाकणारा बिचकतोच. कानशींचे जुडगे, चिमट्यांच्या रांगा, डझनभर आकारांच्या हातोड्या. यातले आपल्याला काय हवे आणि काय नको, हे ओळखायला दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या तरी भागते. खडा कापून झालेला आहे, तो आता लहान किंवा मोठा व्हायचा नाही. तेव्हा माप खड्याचे, आणि वळायचे ते धातूने. शिवाय धातू जोडायला आग लागते आणि खड्याला ती सोसत नाही; तेव्हा आगीची सारी कामे खडा दूर ठेवून उरकायची आणि खडा आत बसल्यावर फक्त हाताचा जोर वापरायचा. अवजारांच्या पुस्तकांत कापण्याची, जोडण्याची, घासण्याची अशी वर्गवारी असते. मी ती मोडली आहे. इथे अवजारे दोनच गटांत आहेत : खडा बसण्याआधीची आणि बसल्यानंतरची. नवशिक्याच्या बहुतेक चुका एका गटातले अवजार दुसऱ्या गटात वापरल्याने होतात, हे त्याचे कारण.

या विषयाला मोठा इतिहास आहे, मात्र तो आपल्याला वाटतो तसा सरळ नाही. दख्खनचा अकीक दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी जात होता. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात पैठणहून भडोच बंदराकडे गाड्यांतून जाणाऱ्या अशा दगडांची नोंद आहे. तेर, नेवासे, भोकरदन इथल्या उत्खननांत अकीक आणि कार्नेलियनचे मणी निघाले. पण हे मणी आहेत. आपल्या प्राचीन दगडी दागिन्यांचा मोठा भाग ओवलेला आहे, जडवलेला नाही. मण्याचे सारे कसब दगडाला भोक पाडण्यात असते, आणि ते कसब आजही खंबातमध्ये जिवंत आहे. नर्मदेच्या दक्षिणेला रतनपूरच्या टेकड्यांतून आलेला दगड तिथे जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने तासतात. टेकडीवर सिद्दी समाजाच्या बावा गोरचा दर्गा आहे आणि अकीकाच्या व्यापाराशी त्याचे नाव जोडलेले आहे. हा दगडही आपल्याच काळ्या कातळाच्या पोटातला, झिजून तिकडे साचलेला. खंबातचा कारागीर दगड जिंकतो. कोंदण करणाऱ्याला दगडापुढे नमते घ्यावे लागते. दोन्ही विद्या एकाच खड्याभोवतीच्या असल्या तरी त्यांची अवजारे एकमेकींच्या उपयोगाची नाहीत.

जडावाचा जुना उल्लेख शोधायचा तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्षाचे प्रकरण पाहावे. तिथे सोनारकामाचे तीन प्रकार सांगितले आहेत : क्षेपण, गुण आणि क्षुद्रक. त्यांतले क्षेपण म्हणजे काच-खडे बसवण्याचे काम, गुण म्हणजे तारा-साखळ्यांचे. मला त्या प्रकरणात अधिक रस वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीत. राजाच्या सोनारशाळेत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या कामगाराची झडती घ्यावी, आणि त्याची अवजारे व अर्धवट राहिलेले काम तिथेच ठेवून घ्यावे, असे कौटिल्य सांगतो. कामगारांच्या यादीत भाता फुंकणारे आहेत तसे धूळ धुणारेही आहेत. आपल्याकडे सोनाराच्या दुकानासमोरची धूळ गोळा करून तिच्यातले कण वेगळे काढणारे झारेकरी होते, त्यांचेच हे पूर्वज म्हणायचे. तुमच्या टेबलाखाली कातडे किंवा निदान जाड कापड बांधा, असे मी पुढे पुन्हापुन्हा सांगणार आहे. कानशीखाली पडणारी चांदी वर्षाकाठी बरीच होते.

युरोपात १२व्या शतकाच्या सुरुवातीला थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका भिक्षू-कारागिराने धातुकामावर लिहून ठेवले आहे. त्यात तार ओढायची जंत्री आहे, कानशी आहेत, ऐरणी आहेत, भाते आहेत. सोन्याच्या पातळ पट्ट्या खड्याभोवती वळवून खड्याची घरे कशी करायची, तेही आहे. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावातल्या सोनाराला त्या कार्यशाळेत नेऊन बसवले असते, तर तासाभरात त्याने काम सुरू केले असते. फार तर बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी, कुठे ठेवली आहे, एवढे विचारले असते. या धंद्याच्या मूळ अवजारांत त्यानंतर फारसा बदल झाला नाही. बदलली ती आग, आणि धातूचा पत्रा आता बाजारात तयार मिळतो.

एक परंपरा इथे मुद्दाम वेगळी सांगायला हवी, कारण ती वरचा आगीचा नियम फार हुशारीने वळसा घालून पाळते. जयपूर-बिकानेरच्या कुंदनकामात खडा लाखेवर बसवतात आणि त्याच्याभोवती अतिशुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या पोलादी टोकाने दाबत जातात. सोने इतके शुद्ध आणि मऊ असते, की दाबानेच थरांवर थर एकजीव होतात. ना जोडाचा डाक, ना ज्योत. खडा घरात असतानाच घर बांधले जाते. पाहायला हे सोपे दिसते. मात्र सोन्याची ती शुद्धता आणि मनगटातला तो अंदाज साधायला उमेदीची वर्षे द्यावी लागतात. म्हणून या पुस्तकात कुंदन नाही. आपण चांदीची कड, पत्र्याची बैठक आणि डाकाचा जोड या मार्गाने जाणार आहोत.

आता खड्याकडे वळू. बंद कोंदणाला चालतो तो घुमटी खडा : खाली सपाट, वर फुगीर, पैलू नसलेला. फुगवटा हीच त्याची पकड. कड आत कलली, की खड्याचा उतार तिच्याखाली येतो आणि खडा वर निघू शकत नाही. खड्याची बाजू सरळ उभी असेल, तर कड किती दाबली तरी तिला धरायला काही मिळत नाही. बाजू खालच्या अंगाला आत वळलेली असेल, तर कडेखाली पोकळी राहते. त्यामुळे चांगला खडा निवडताना रंगाआधी बाजू पाहावी. सपाट जमिनीवर ठेवून डोळ्याच्या रेषेत धरावा आणि फिरवावा. खड्याच्या तळाच्या काठाला अर्ध्या मिलिमीटरची तिरकी घास दिली आहे का, तेही पाहावे. नसेल तर पॉलिश पेपरवर पाणी टाकून स्वतः द्यावी. कोंदणाच्या आत, कड आणि बैठक मिळतात त्या कोपऱ्यात, डाकाची बारीक गोलाई उरते. खड्याचा धारदार काठ तिच्यावर चढला तर खडा डुलतो, आणि डुलणाऱ्या खड्यावर कड दाबली की काठाचा टवका उडतो.

पहिला खडा अकीकाचाच घ्या, असा माझा आग्रह आहे. त्यात दख्खनचा अभिमान नाही म्हणत नाही, पण कारण कठीणपणाचे आहे. मोहस् या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली जी मोजपट्टी बनवली तिच्यावर अकीक ७ च्या आसपास येतो. चांगली पोलादी कानस साडेसहाच्या घरात असते. म्हणजे कानस निसटून अकीकावर गेली तर ओरखडा बहुधा कानशीला पडतो. फिरोजा ५ ते ६, ओपल साडेपाच ते साडेसहा; त्यांच्यावर कानस निसटली की काम संपले. शिवाय अकीक सूक्ष्म तंतूंचा बनलेला असल्याने चिवट असतो, त्याला ठरावीक प्रतलावर फुटण्याची सवय नाही. याउलट आपल्याच पठारावरचे झिओलाइट गटातले देखणे स्फटिक कोंदणाला अजिबात योग्य नाहीत. स्टिल्बाइट ४ च्याही आत आणि पापुद्र्यांनी सुटणारे. क्रॉन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली असे खनिज तापवले तेव्हा ते उकळल्यासारखे फेसाळताना त्याला दिसले. त्याच्या आत पाणी असते. असल्या खनिजांना काचेच्या कपाटातच शोभू द्यावे.

आगीचा नियम अकीकालाही लागू आहे. इथे वाचक विचारील, की खंबातमध्ये तर तपकिरी अकीक तापवून लाल करतात. करतात, पण परंपरेने तो आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यांत घालून शेणींच्या मंद विस्तवात हळूहळू तापू देतात आणि तितक्याच हळू निवू देतात. टॉर्चची ज्योत एका अंगाला लागते, काही सेकंदांत. एक बाजू फुगते, दुसरी थंडच राहते आणि खडा तडकतो. जांभळ्या ॲमेथिस्टचा रंग तर तडा न जाताही उडतो, काही खडे तापून पिवळे पडतात. मोती जळतो.

खडा निवडल्यावर पहिले अवजार लागते ते व्हर्नियर कॅलिपर. माझ्या लेखी सगळ्या संचातले हे सर्वांत महत्त्वाचे अवजार आहे, आणि नवशिके नेमके तेच टाळतात. दोऱ्याने घेर मोजता येतो, हे खरे. मात्र दोरा ताणतो आणि दोऱ्याला जाडी नसते असे आपण धरून चालतो. गोल खड्याचे गणित शाळेतले आहे. व्यास १२ मिलिमीटर आणि पट्टीची जाडी ०.३ मिलिमीटर असेल, तर दोन्हींची बेरीज १२.३, तिला ३.१४ ने गुणले की ३८.६ मिलिमीटर लांबीची पट्टी. जाडी का मिळवायची? कारण पट्टी वळली की तिची आतली बाजू दबते, बाहेरची ताणते आणि मूळ लांबी मधल्या रेषेवर टिकते. लंबगोल खड्यासाठी लांबी-रुंदीची सरासरी घ्या : १८ बाय १३ च्या खड्याची सरासरी साडेपंधरा, जाडी धरून १५.८, गुणाकार ४९.६. खडा फार लांबट असेल तर हा हिशेब थोडा अपुरा पडतो, तेव्हा पट्टी किंचित लांब कापून कानशीने कमी करत आणावी. कड लहान झाली तर, जोड नीट साधला असल्यास, थोडी ठोकून ताणता येते. मोठी झाली तर कापून पुन्हा जोडण्याखेरीज इलाज नाही. पट्टीची उंची बहुतेक खड्यांना त्यांच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पुरते. उभट उताराला थोडी जास्त, पसरटाला कमी. जास्त उंच ठेवल्याने खडा अधिक पक्का बसत नाही, फक्त झाकला जातो.

जाडीच्या बाबतीत एक व्यावहारिक सूचना. परदेशी पुस्तकांत आणि चित्रफितींत पत्रा गेजमध्ये सांगतात आणि ती गेज बहुधा अमेरिकन असते. आपल्या बाजारातली गेज पुष्कळदा ब्रिटिश. अमेरिकन २८ गेज म्हणजे ०.३२ मिलिमीटर, ब्रिटिश २८ गेज ०.३८ च्या जवळ. हा फरक कागदावर नगण्य आणि अंगठ्याखाली प्रचंड असतो. जाड कड खड्यावर कलतच नाही. म्हणून दुकानात गेज बोलू नका, मिलिमीटर बोला आणि कॅलिपर खिशात ठेवा. कडेला ०.३ ची पट्टी, बैठकीला अर्धा ते पाऊण मिलिमीटरचा पत्रा.

कडेसाठी शुद्ध चांदी घ्यावी, बैठकीसाठी ९२५ ची चालते. शुद्ध चांदी मऊ असते, हा इतरत्र तिचा दोष. इथे तोच गुण. शिवाय ९२५ च्या चांदीत तांबे असते आणि तापवताना ते पृष्ठभागाखाली ऑक्साइड होऊन करडे-जांभळे डाग सोडते, जे घासून घासून काढावे लागतात. शुद्ध चांदीला हा त्रास नाही. आजीचे मोडके वाळे वितळवून त्याची पट्टी ओढावी, असे कित्येकांच्या मनात येते. भावना मी समजू शकतो, पण त्या चांदीत काय मिसळले आहे ते कोणालाच माहीत नसते. अशी चांदी सोनाराकडे देऊन बदल्यात प्रमाणित पट्टी घ्यावी.

कापायला करवत. सोनाराची करवत म्हणजे केसाएवढ्या पात्याची, चौकटीत ताणून बसवलेली. दाते खाली, मुठीकडे तोंड करून. कापणे फक्त खाली येताना होते, वर जाताना पाते नुसते परतते. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला ३/० किंवा ४/० चे पाते घ्यावे. पाते ताणल्यावर नखाने छेडले तर स्वच्छ सूर निघाला पाहिजे. ढप् आवाज आला तर ते वळणावर तुटणार. आधाराला व्ही आकाराची खाच पाडलेली लाकडी फळी टेबलाच्या कडेला आवळून बसवा. पाती तुटतात. सगळ्यांचीच तुटतात, म्हणून ती डझनावारी विकतात. पट्टी कापायला साधी कातर पुरे, फक्त टोके नंतर कानशीने अगदी चौकोनी करून घ्यायची.

आणि आता जोड. या पुस्तकाचा सर्वांत लांब भाग जोडाचा आहे, कारण इथेच माणसे हात टेकतात. डाक म्हणजे मूळ धातूपेक्षा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सियसला वितळते, बाजारातले चांदीचे डाक साधारण ७०० ते ७८० अंशांच्या दरम्यान. या अंतरात आपल्याला काम करायचे असते. डाक फट भरत नाही, हे आधी मनाला पटवावे. तो दोन भिडलेल्या कडांमधल्या केसाएवढ्या वाटेत खेचला जातो, आणि वाट रुंद असेल तर तिथे जातच नाही. पट्टी वळवून टोके जुळवल्यावर ती उजेडासमोर धरावी. जोडातून प्रकाशाची रेघ दिसली तर पेटवलेली आग बंद करून पुन्हा कानस हातात घ्यावी.

डाक उष्णतेच्या मागे जातो, ज्योतीच्या मागे जात नाही. यातच बैठकीच्या जोडाची गोम आहे. पातळ कड आणि जाड बैठक एकाच ज्योतीखाली धरली तर कड आधी तापते, डाक तिच्यावर चढतो आणि क्षणात कडही वितळून गोळी होते. म्हणून बैठक जाळीवर ठेवून खालून तापवायची, किंवा वरून ज्योत बैठकीच्या बाहेरच्या भागावर फिरवत राहायची. सगळ्या धातूंत चांदी उष्णतेची सर्वांत चांगली वाहक आहे. एक कोपरा तापवला की उष्णता सगळीकडे पळते. त्यामुळे पूर्ण वस्तू तापल्याशिवाय जोड होत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक्सची सोल्डरिंग आयर्न इथे कामाची नाही. आधी कडेचा जोड जास्त तापमानाच्या डाकाने करायचा, मग बैठकीचा त्याहून कमी तापमानाच्या डाकाने, म्हणजे दुसऱ्या वेळी पहिला जोड सुटत नाही. धातूवर हवा पोचू नये म्हणून टाकणखार पाण्यात उगाळून लावायचा. आपल्या आज्या त्याला सवागी म्हणत. तो वितळून काचेसारखा थर धरतो आणि ऑक्साइड होऊ देत नाही. काच झाली की डाकाची वेळ जवळ आली, अशी खूणही देतो.

आगीसाठी ब्युटेनची हातातली टॉर्च घ्यावी. तोंडाने फुंकायची फुंकणी अजून कुठे कुठे वापरात आहे आणि तिच्यावरचा ताबा पाहण्यासारखा असतो. श्वास न तोडता गालात हवा राखून फुंकणाऱ्या जुन्या कारागिरांबद्दल मला अपार आदर आहे. पण ते शिकायला बसलात तर कोंदण राहील बाजूला. लहान अंगठीला, पदकाला ब्युटेन पुरते. खाली आगवीट किंवा कोळशाचा ठोकळा. कोळसा उष्णता परत फेकतो आणि वस्तूभोवतीच्या हवेतला ऑक्सिजन कमी ठेवतो, म्हणून मला तो आवडतो.

डाक विकत घेताना त्यात कॅडमियम नाही याची खात्री करा. केडीएम ही अक्षरे आपल्याकडे सोन्याच्या दुकानांच्या पाट्यांवर अभिमानाने झळकत होती. डाकामुळे दागिन्याची शुद्धता घसरू नये म्हणून कॅडमियमचा डाक आला, आणि त्या अर्थाने ती सुधारणाच होती. मात्र कॅडमियम ३२१ अंशांना वितळते आणि ७६७ अंशांना उकळते. म्हणजे डाक वाहतो त्या तापमानाच्या आसपास त्याची वाफ होते. ती फुप्फुसात गेली की लगेच काही कळत नाही, त्रास काही तासांनी सुरू होतो. थोडी थोडी वर्षानुवर्षे जात राहिली तर मूत्रपिंडे निकामी करते. याची किंमत बाकड्यावर वाकून बसलेल्या कारागिरांनी मोजली, पाटी लावणाऱ्यांनी नाही. कॅडमियमविरहित डाक मिळतो, थोडा महाग पडतो. तो घ्या. तरीही खिडकी उघडी ठेवूनच काम करा.

जोड झाल्यावर वस्तू काळवंडलेली असते आणि तिच्यावर टाकणखाराची काच असते. सोनारांकडे सौम्य गंधकाम्ल असते. घरी कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड पुरते, फक्त वेळ जास्त लागतो. त्यात पोलादी चिमटा बुडवू नये, नाहीतर द्रावणातले तांबे चांदीवर चढते आणि वस्तू गुलाबी होते. तांब्याचा किंवा लाकडी चिमटा वापरा. शेवटी रिठ्याच्या पाण्याने धुवा.

इथवरची सगळी अवजारे पहिल्या गटातली. आता टॉर्च आवरून ठेवायची आणि खडा हातात घ्यायचा.

खडा कोंदणात नुसता टेकवून पाहायचा असेल तर आधी आत आडवा दोरा टाका. घट्ट बसलेला खडा बोटांनी निघत नाही. दोऱ्याची दोन्ही टोके ओढली की तो अलगद वर येतो. हा दोरा विसरलेली माणसे नंतर कोंदण उलटे करून टेबलावर आपटताना दिसतात. खडा फार खोल जात असेल तर बैठकीवर लाकडाचा बारीक भुसा पसरून तो वर उचलतात. ही जुनी रीत आहे, पण पाणी शिरले तर भुसा फुगतो. मी त्यापेक्षा पत्र्याचीच एक लहान चकती घालणे पसंत करतो. खडा पारभासी असेल, तर डाक लावल्यावर बैठकीच्या मध्यात करवतीने खिडकी कापावी. मधाळ कॅल्सेडोनी मागून उजेड मिळाला की वेगळाच दिसतो.

कड दाबण्याचे अवजार म्हणजे लाकडी मुठीत बसवलेला, सपाट तोंडाचा पोलादी तुकडा. मूठ तळहाताच्या खळग्यात बसणारी हवी, तर जोर खांद्यातून येतो आणि निसटण्याचा धोका कमी होतो. दाबायचे कसे यात मात्र नियम कडक आहे. आधी वर, मग बरोबर समोर खाली. मग डावीकडे, मग उजवीकडे. मग त्यांच्या मधल्या जागा, मग त्यांच्याही मधल्या. एका बाजूने सुरू करून गोल फिरत गेले, तर जास्तीचा धातू पुढे ढकलला जातो आणि शेवटी त्याची चुणी पडते. नवी चादर गादीखाली खोचताना कोपऱ्यांचा क्रम आपल्याला कोणी शिकवलेला नसतो, पण तो हाच असतो. कड सगळीकडून खड्याला टेकली, की ओपणी घ्यायची आणि काठावरून दाब देत फिरवायची, म्हणजे दाबाच्या खुणा मिटतात आणि काठ चमकतो. ओपणी पोलादी असते तशी अकीकाचीही असते. कठीण आणि गुळगुळीत असल्याने सोन्यावर नि चांदीवर ओप द्यायला हा दगड फार पूर्वीपासून वापरात आहे. नदीतून आलेला आणि चांगला घासलेला एखादा निमुळता खडा मुठीत बसवून तुम्ही स्वतःची ओपणी करू शकता. चौथ्या प्रकरणात ती कृती आहे.

विकत घेऊ नयेत अशा गोष्टींबद्दल दोन शब्द. पन्नास नगांचा तयार संच घेऊ नका. त्यातली चाळीस अवजारे पत्र्याच्या डब्यात गंजतात. हँगिंग मोटर, म्हणजे टांगून वापरायची घासण्याची मोटर, पहिल्या वर्षी घेऊ नका. ती वेगाने काम करते तशीच वेगाने कड खाऊन टाकते, आणि हाताने घासताना धातू कुठे पातळ होतो आहे ते कळते, ते मोटरीवर कळत नाही. रोलिंग मिल, म्हणजे पत्रा लाटायचे यंत्र, फार मोहात पाडते. पट्टी आणि पत्रा बाजारात मिळतो तोवर त्याची गरज नाही. कानशी मात्र चांगल्या घ्या : एक सपाट, एक अर्धगोल आणि बारीक सुई-कानशींचा लहान जुडगा. सोबत अंगठीसाठी निमुळता पोलादी दांडा, लाकडी मोगरी आणि दोन चिमटे, एक टोकदार, एक आडवे धरणारा. एवढ्यावर पदक, अंगठी, कानातली फुले, जाकिटाची बटणे, सगळे होते.

नख्यांचे कोंदण या पुस्तकात नाही. ते पैलूदार खड्यांचे काम आहे, त्याला वेगळी अवजारे आणि वेगळे डोळे लागतात. नथीची तार-बांधणीही नाही, कारण तिथे मोती तारेत ओवून गुंफले जातात आणि कडेचा प्रश्नच येत नाही. हुपरीच्या चांदीकामाबद्दल वाचकांना उत्सुकता असेल. पण ती पैंजणांची आणि जोडकड्यांची दुनिया, तिच्यावर स्वतंत्र लिहायला हवे.

पहिल्या प्रकरणाआधी एवढे जवळ ठेवा : सरळ तळाचा, १८ बाय १३ चा अकीकाचा एक खडा, ०.३ मिलिमीटर जाडीची शुद्ध चांदीची वीतभर पट्टी, म्हणजे तीन प्रयत्नांना पुरेल. बैठकीसाठी आधी तांब्याचा पत्रा, चांदीचा दुसऱ्या खेपेला. कॅलिपर, कातर, सपाट कानस, दोरा. टॉर्च दुसऱ्या प्रकरणापर्यंत लागणार नाही. पहिल्या प्रकरणात फक्त पट्टी मोजायची, कापायची, टोके चौकोनी करायची आणि खड्याभोवती वळवून जोडातून उजेड दिसत नाही ना, ते पाहायचे आहे.